तीन मिनिटांत सांगून होणारे प्रेम : ऑलिव्हिया डीनचा ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’

घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहू लागल्यापासून नौपाडा ते कासारवडवली हे अंतर किलोमीटरमध्ये सांगणे आम्ही ठाणेकरांनी सोडून दिले आहे. मी ते आता अल्बममध्ये मोजते. भाचीकडे जायला रिक्षात बसल्यावर तीन हात नाक्याजवळ ब्रिटिश गायिका ऑलिव्हिया डीनचा ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’ सुरू केला, तर सुमारे ३५ मिनिटांचा आणि १२ गाण्यांचा हा अल्बम संपतो तेव्हा बहुतेक वेळा मानपाडा नुकताच मागे पडलेला असतो, आणि पुढच्या रस्त्यासाठी तो पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो. अशा रीतीने तो किती वेळा ऐकून झाला याची गणती आता राहिलेली नाही. इतक्या वेळा ऐकूनही ज्याचा कंटाळा आलेला नाही आणि ज्याच्या उणिवाही एव्हाना तोंडपाठ झाल्या आहेत, अशा गोष्टीविषयीच लिहावे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा अल्बम माझ्याकडे भाचीमुळे आला. गाणे पाठवताना तिने एवढेच लिहिले होते : ‘मावशी, आजोबांच्या रेकॉर्डसारखं वाटतंय, ऐकून बघ.’ आजोबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या संग्रहात इंग्रजी गाण्याची एकही तबकडी नव्हती, त्यामुळे हे वाक्य मला प्रथम अगदी विनोदी वाटले होते. चार-सहा वेळा ऐकल्यावर ते किती नेमके आहे हे लक्षात आले.

गायिकेची ओळख थोडक्यात करून देते. ऑलिव्हिया डीनचा जन्म १९९९चा, लंडनचा. आईकडून तिच्याकडे जमैका आणि गयाना या देशांचा वारसा आला आहे, वडील इंग्लिश आहेत. एमी वाइनहाउस आणि अडेल या गायिका ज्या ब्रिट स्कूल या कलाशाळेत शिकल्या, तिथेच तीही शिकली, आणि स्वतःच्या नावाने पुढे येण्याआधी रुडिमेंटल या समूहाच्या कार्यक्रमांत मागे उभी राहून साथीला गायली. २०२३मध्ये आलेला ‘मेसी’ हा तिचा पहिला अल्बम वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला दिल्या जाणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. गयानाहून ब्रिटनला आलेल्या आपल्या आजीवर तिने त्यात एक गाणे केले आहे. ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’ २६ सप्टेंबर २०२५ रोजी आला आणि ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत तो आणि त्यातले ‘मॅन आय नीड’ हे गाणे, दोन्ही पहिल्या क्रमांकावर गेले.

आता त्या ‘आजोबांच्या रेकॉर्डसारखं’ या म्हणण्याकडे येते. वडिलांकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्यांनी भरलेला एक लाकडी खोका होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांपेक्षा जास्त गाणे मावत नसे, आणि मराठी भावगीताची लांबी कोणा कवीने किंवा संगीतकाराने ठरवलेली नसून ती या लाखेने ठरवली आहे, असे ते नेहमी म्हणत. ध्रुवपद, दोन किंवा तीन अंतरे, मध्ये बासरीचा किंवा व्हायोलिनचा एखादा तुकडा, आणि गाणे संपले. तेवढ्या जागेत पाऊस यायचा, वाट पाहून व्हायची, माणूस यायचे किंवा यायचे राहायचे. अमेरिकेत १९४९मध्ये ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आली आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतानेही हाच तीन मिनिटांचा साचा पत्करला. बेरी गॉर्डी यांनी १९५९मध्ये डेट्रॉइटला सुरू केलेल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाजलेली गाणी बहुतेक याच मापाची आहेत. आज जागेचे असे कोणतेही बंधन नाही. तरीही या अल्बममधली १२ गाणी ३५ मिनिटांत बसतात, म्हणजे सरासरी तीन मिनिटेही पडत नाहीत. त्यातला पहिला तुकडा केवळ प्रस्तावनेचा आहे हे मान्य करूनही, उरलेली गाणी सांगायचे ते सांगून होताच थांबतात. या अल्बमचे जुनेपण मला प्रथम इथे जाणवले. वाद्यांकडे माझे लक्ष त्यानंतर गेले.

जुन्या सोलचा बाज घेऊन नवे गाणे करणारे गेल्या वीस वर्षांत पुष्कळ झाले. लिऑन ब्रिजेसचा ‘कमिंग होम’ (२०१५) ऐकताना १९६०च्या दशकातला एखादा राहून गेलेला गायक आज सापडला की काय असे वाटते, इतकी ती नक्कल प्रामाणिक आणि प्रेमाने केलेली आहे. पण काही वेळाने आपण गाण्यापेक्षा शिवणकामच न्याहाळू लागतो. एमी वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ (२००६) यापेक्षा कितीतरी वरचा. तिथे मार्क रॉन्सन या निर्मात्याने ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या समूहाला बसवून जुन्या ध्वनिमुद्रणाचा खरखरीत रंग आणला, आणि त्यावर त्या बाईने आपली आजची, उघडी, प्रसंगी शिवराळ भाषा ठेवली. त्या दोन्हींच्या घर्षणातून ठिणग्या उडतात. ऑलिव्हिया डीनकडे अशा ठिणग्या नाहीत, आणि त्या उडाव्यात असा तिचा प्रयत्नही नाही. निर्माता झॅक नाहोम याच्याबरोबर तिने पूर्व लंडनमधल्या एका घरातच स्टुडिओ मांडून हा अल्बम घडवला, आणि ऐकताना ते घर जाणवते. पियानो दिवाणखान्यातल्यासारखा जवळून वाजतो, ढोल छाती दडपत नाही, ब्रासची, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची पितळी वाद्ये येतात ती शेजारच्या खोलीतून आल्यासारखी.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र हेडफोन लावून मुद्दाम ऐकावी, ती म्हणजे बेस गिटार. मोटाउनच्या गाण्यांत जेम्स जेमर्सन नावाचा वादक बेस वाजवत असे, आणि त्याची कमाल अशी, की तो नुसता ठोका धरत नसे, तर गायिकेच्या चालीखाली आपली स्वतंत्र दुसरी चाल चालवत असे. ‘मॅन आय नीड’मध्ये त्या परंपरेची आठवण होते. वर गाणे चालू असताना खाली बेस उड्या मारत, मध्येच थबकत, पुन्हा धावत जातो, आणि गायिका मात्र ठेक्याच्या किंचित मागे, जराही घाई न करता गात राहते. रिक्षाच्या आवाजात यातले काहीच ऐकू येत नाही, हे मला घरी ऐकल्यावर समजले. कापूरबावडीच्या उड्डाणपुलाखाली तर फक्त शब्द उरतात. पण या अल्बमची खरी परीक्षा तिथेच होते, कारण शब्द उरले तरी गाणे उरते.

यशवंत देव ज्याला शब्दप्रधान गायकी म्हणत, ती हीच. गाणाऱ्याने आपल्या गळ्याचे सामर्थ्य दाखवण्याचा मोह आवरून शब्दाला पुढे जाऊ द्यायचे, तान घ्यायचीच तर ती शब्दाचा अर्थ उलगडण्यापुरती घ्यायची, आणि श्वास कुठे घेतला हेसुद्धा अर्थानेच ठरवायचे. सोल संगीताचा उगम चर्चमधल्या गॉस्पेल गायनात आहे. अरीथा फ्रँकलिन गाते तेव्हा एका अक्षरावर दहा स्वर चढवून ती ऐकणाऱ्याला जागेवरून उठवते. ऑलिव्हिया डीन त्या वाटेने जात नाही. तिचा आवाज मधल्या सप्तकात, बोलण्याच्या जवळ राहतो, वर गेला तरी फाटत नाही, आणि ओळीच्या शेवटी किंचित हसल्यासारखा खाली येतो. म्हणून माझे मत असे झाले आहे, की हा अल्बम सोलच्या दुकानात मांडलेला असला तरी मराठी कानांनी ऐकणाऱ्याला तो भावगीत म्हणूनच भेटतो. भाचीच्या त्या वाक्याचा अर्थ हाच होता, फक्त तिला भावगीत हा शब्द सुचला नव्हता.

फरक आहे तो बोलणाऱ्या व्यक्तीत. ठाण्यात राहिलेले आणि या शहराचे नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांची गाणी आमच्या घरात रोज वाजत. शब्द सावळारामांचे, चाल वसंत प्रभूंची आणि आवाज लता मंगेशकरांचा. गाण्यातली मुलगी सासरी निघालेली असो की वाट पाहणारी असो, तिचे मन एका पुरुषाने लिहिलेले, दुसऱ्याने स्वरात बांधलेले आणि तिसऱ्या व्यक्तीने गायलेले असे. त्यातून जे उभे राही ते फार सुंदर असे, पण ते कोणा एकीचे अनुभवकथन नसे. स्वतः लिहून स्वतः गाण्याची प्रथा आपल्याकडे विरळाच राहिली. अलीकडच्या काळात संदीप खरे यांच्यामुळे ती अनेकांच्या परिचयाची झाली. ऑलिव्हिया डीनही सगळे एकटीने करत नाही, तिच्या गाण्यांवर सहलेखक असतात आणि ‘मॅन आय नीड’च्या लेखनात टोबायस जेसो ज्युनियर आहे, पण बोलणारी बाई तीच आहे, याबद्दल ऐकताना एकदाही शंका येत नाही.

अल्बमचे नाव वाचून मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांचे याच नावाचे १९५६चे पुस्तक आठवेल, पण तिच्या मनात असलेला धागा वेगळा आहे. मिकलीन थॉमस या चित्रकर्तीचे एक प्रदर्शन तिने पाहिले, आणि त्या प्रदर्शनाचे नाव अमेरिकन लेखिका बेल हूक्स यांच्या प्रेमविषयक पुस्तकावरून घेतलेले होते. प्रेम ही नुसती भावना नव्हे, ती करायची गोष्ट आहे, हे बेल हूक्स यांचे म्हणणे. ते सूत्र म्हणून अल्बमवर चिकटवलेले नाही, हे फार बरे झाले. ते गाण्यांच्या प्रसंगांत विरघळले आहे.

उदाहरणार्थ ‘नाइस टू ईच अदर’. हे गाणे मला पहिल्यांदा अगदी पातळ वाटले. दोन माणसे एकमेकांशी चांगले वागू या म्हणतात, यात गाणे करण्यासारखे काय आहे? भाचीने मला समजावून दिले. तिच्या वयाच्या मुलामुलींत नाते असते पण त्याला नाव नसते, पुढे काय होणार हे कोणी विचारत नाही, आणि म्हणून कोणी कोणाला बांधील नाही अशी समजूत असते. ‘मग वाईट वागायला सगळे मोकळे, मावशी. ती म्हणतेय, नाव नसू दे, पण नीट तर वागू.’ हे ऐकल्यावर गाणे पुन्हा लावले. पूर्वीच्या प्रेमात जी वचने दिली आणि मोडली, त्यांची आवृत्ती नको, मोठे शब्द नकोत, जे काही थोडे दिवस आहेत ते एकमेकांना जपून काढू, असा त्यातला प्रस्ताव आहे. त्यात विरह नाही, आणाभाका नाहीत. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीने इतके माफक मागावे याचे मला थोडे वाईट वाटले, आणि तिने ते इतक्या शांतपणे मागावे याचे कौतुकही वाटले.

‘सो ईझी’मध्ये ती याच्या अगदी उलट टोकाला जाते. मी प्रेमात पडण्याजोगी आहे, तुला ते अवघड जाणार नाही, असे ती बोसा नोव्हा या ब्राझीलच्या संगीतप्रकाराच्या डुलत्या लयीत खुशाल सांगून टाकते. आपल्या जुन्या गाण्यांतली नायिका आपल्या रूपाची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून ऐकून लाजत असे. इथे ती स्वतःच आपली शिफारस करते आहे आणि त्यात उद्धटपणाचा लवलेश नाही. हे गाणे सकाळी चहा टाकताना लावावे.

प्रामाणिक म्हणून ज्याचा उल्लेख करायचा तर मी ‘बेबी स्टेप्स’चा करीन. नाते संपल्यानंतर स्वतःच्या पायावर हळूहळू चालायला लागण्याचे हे गाणे आहे. त्यात एक बारीकसा तपशील येतो : विमान उतरल्यावर ‘पोहोचले’ असे कळवायला आता कोणी नाही. बस्स, तेवढेच. ना डोळ्यांत पाणी, ना रात्रीचा अंधार. आमच्या घरात ‘पोहोचलीस की फोन कर’ या वाक्याशिवाय कोणी उंबरठ्याबाहेर पडत नसे, आणि वडील गेल्यानंतर पुण्याहून परत येताना ठाणे स्थानकावर उतरून मी सवयीने फोन हातात घेतला होता, तो प्रसंग या ओळीने जसाच्या तसा समोर आणून ठेवला. तिने हे प्रियकराविषयी लिहिले आहे, मी ते दुसऱ्याच माणसाविषयी ऐकते. चांगल्या गाण्याला असे चालते.

‘लाउड’मध्ये गिटार आणि तंतुवाद्ये आहेत. अचानक बोलणे बंद करून निघून गेलेल्या माणसाच्या शांततेचा आवाज किती मोठा असतो, हा त्याचा विषय आहे आणि संपूर्ण अल्बममध्ये दुखावलेपण सर्वांत उघडे पडते ते इथे. शेवटचे ‘आयव्ह सीन इट’ प्रेम आपल्या अवतीभवतीच्या माणसांत कुठे कुठे पाहिले याची मोजदाद करते. हे गाणे मी एकदा संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून ऐकले. शेजारी एक आजोबा आपल्या पत्नीसाठी शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत होते. याहून अधिक काही सांगितले तर मी ते रचून सांगते आहे असे वाटेल.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव ही, की या बाईला राग येत नाही. मोटाउनमध्ये गायिकांना चालण्या-बोलण्याचे, उठण्या-बसण्याचे धडे देणारा एक स्वतंत्र विभाग होता. कधीकधी वाटते की ऑलिव्हिया डीन स्वतःच तो वर्ग आपल्यापुरता चालवत असावी. ‘लेट अलोन द वन यू लव्ह’मध्ये जवळच्या माणसाने आपल्याला खुजे ठेवू पाहिले, हे सांगतानाही तिचा सूर सौजन्य सोडत नाही. दोन-तीन गाणी असे ऐकायला बरे वाटते, पण ३५ मिनिटांत एकदा तरी आवाज चिरावा, एखादी ओळ तालातून निसटावी, अशी इच्छा होते. दुसरे म्हणजे अल्बमचा मधला भाग एकसुरी आहे. ‘क्लोज अप’ आणि ‘समथिंग इनबिटवीन’ ही गाणी नात्यातल्या अनिश्चिततेविषयीच बोलतात; फार जवळ नको, फार दूरही नको, हे म्हणणे एकदा कळल्यावर पुन्हा ऐकावेसे वाटत नाही, आणि दुसऱ्या गाण्याचा ठेका तर कुठल्याही कपड्यांच्या दुकानात शोभेल असा आहे. जुन्या सोलच्या अभ्यासकाला हा अल्बम फार इस्त्री केलेला वाटेल, आणि ते चुकीचे ठरणार नाही.

वस्तू म्हणून त्याच्या तबकडीविषयीही लिहायला हवे, कारण मी ती विकत घेतली. सुमारे साडेतीन हजार रुपये मोजून एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली. पुठ्ठ्याच्या अगदी पातळ वेष्टनातून आलेले ते पार्सल आमच्या सोसायटीच्या रखवालदाराच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारभर पडून राहिले. तबकडी पीव्हीसीची असते आणि उन्हाने ती नरम पडते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असावे. पण ते पार्सलवर लिहिण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. सुई ठेवली आणि पियानो हेलकावे खाऊ लागला. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एक फेरी पूर्ण करायला १.८ सेकंद लागतात, आणि नेमक्या तेवढ्याच अंतराने सूर वर-खाली होत होता, जणू कोणी वादकाची खुर्ची हलवत होते. तबकडीचा बाहेरचा काठ वाकला होता, त्यामुळे सुरुवातीच्या गाण्यांची दैना झाली आणि आतली गाणी बऱ्यापैकी वाचली. विक्रेत्याने छायाचित्रे मागितली, मग चित्रफीत मागितली, मग ‘तुमचे यंत्र तपासून पाहा’ असे उत्तर दिले. त्याच यंत्रावर वडिलांची पन्नास वर्षांची जुनी तबकडी सरळ वाजत असल्याची चित्रफीत पाठवली तेव्हा कुठे तीन आठवड्यांनी तबकडी बदलून मिळाली.

बदलून आलेल्या तबकडीचा आवाज मात्र चांगला आहे. फोनवर ऐकताना जो बेस नुसता गोड लागतो, तो इथे लाकडी, जरा खडबडीत आणि जागा घेऊन बसलेला ऐकू येतो, आणि ब्रासच्या वाद्यांना श्वास आहे हे कळते. तरीही ज्यांच्या घरी ग्रामोफोन नाही त्यांनी केवळ या अल्बमसाठी तो आणू नये. बऱ्यापैकी हेडफोनवर यातले नव्वद टक्के पदरात पडते. तबकडी मागवायचीच असेल तर वेष्टन कोणत्या पुठ्ठ्याचे आहे हे आधी विचारावे, उन्हाळ्यात मागवू नये, आणि पार्सल घरी कोणीतरी असेल त्याच दिवशी येईल असे पाहावे.

‘पाचपैकी किती तारे देशील?’ असे भाचीने विचारले. मी तारे देत नाही. मी बारापैकी नऊ गाणी ठेवीन असे सांगितले. गळणाऱ्या तिनांपैकी दोन वर आलीच आहेत. तिसरे म्हणून मी ‘लेट अलोन द वन यू लव्ह’कडे बोट दाखवले, तर ते तिचे सर्वांत आवडते निघाले.